वाक्य शेवटपर्यंत न्या

मी स्पीच थेरपिस्ट आहे. आवाज बसलेले शिक्षक, अडखळत बोलणारी मुलं, पक्षाघातानंतर शब्द सापडेनासे झालेले रुग्ण ही माझी रोजची माणसं. त्यांच्या जोडीने आणखी काही जण येतात, ज्यांच्या घशात, जिभेत किंवा मेंदूत कसलाच दोष नसतो. नुकतीच बढती मिळालेली इंजिनिअर, नातेवाइकांना वाईट बातमी सांगावी लागणारा डॉक्टर, संस्थेच्या सभेत हिशेब मांडणारा खजिनदार. तक्रार साधारण सारखीच असते: "मी बोलतो, पण लोकांपर्यंत पोचत नाही."

मी त्यांना लगेच हातवारे वगैरे शिकवायला घेत नाही. आधी फोनवर दोन मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करायला सांगते. मग ते ऐकताना एवढंच बघायचं, की प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द स्वच्छ ऐकू येतोय का. बऱ्याच जणांना तिथेच उत्तर सापडतं. वाक्याची सुरुवात खणखणीत असते, मधला भाग ठीक असतो आणि शेवट घशातच विरतो.

मराठीत हे फार महागात पडतं. आपल्याकडे क्रियापद शेवटी येतं आणि नकार बहुतेक वेळा त्याच्याही मागून येतो. ‘उद्याची बैठक दहा वाजता होणार नाही’ यातला ‘नाही’ विरला, की ऐकणाऱ्याकडे नेमका उलटा निरोप जातो. ‘ही गोळी उपाशीपोटी घ्यायची नाही’, ‘तो प्रस्ताव आपण मंजूर केलेला नाही’, ‘मला राग आलेला नाही’ यांचंही तसंच. ‘करायला हवं’ आणि ‘करायला हवं होतं’ यांत केवढं अंतर आहे! एकात सूचना आहे, दुसऱ्यात ठपका. काळ, होकार-नकार, शक्यता, विनंती की आज्ञा, हे सगळं आपण शेवटच्या दोन-तीन शब्दांत ठेवतो आणि नेमके तेच गिळून टाकतो.

म्हणून पुढे जे काही सांगणार आहे ते या एकाच गोष्टीला धरून आहे: सुरू केलेलं पूर्ण करा. वाक्य पूर्ण करा, श्वास पूर्ण घ्या, उचललेला हात ठरल्या जागी पोचू द्या, नजर एका माणसावर वाक्य संपेपर्यंत ठेवा.

श्वास आणि वाक्याचा शेवट

शेवट विरण्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे हवा संपते. फुप्फुसातून वर येणाऱ्या हवेच्या दाबाने स्वरतंतू कंप पावतात आणि आवाज तयार होतो. तो दाब कमी झाला की कंप अनियमित होतो, आवाज चरचरतो आणि शेवटचे शब्द नुसती कुजबुज होऊन बाहेर पडतात. घाईत बोलणारी माणसं पूर्णविरामावर श्वास घेत नाहीत. पुढच्या वाक्याच्या मध्येच कुठेतरी दम लागल्यावर घेतात. त्यामुळे वाक्य भलत्याच ठिकाणी तुटतं आणि शेवट कोरडा पडतो.

करून बघायचं ते असं. एक तळहात बरगड्यांच्या खालच्या कडेवर, बाजूला ठेवा. तोंड मिटून शांतपणे श्वास घ्या. हात बाहेरच्या बाजूला ढकलला गेला पाहिजे. खांदे वर गेले तर तुम्ही छातीच्या वरच्या भागातून श्वास घेताय, म्हणजे थोडाच घेताय, वर मानेचे स्नायू आवळताय. खांदे तिथेच ठेवून बरगड्या बाजूला पसरल्याचं जाणवेपर्यंत हे पुन्हा करा. मग कुठलाही छापील मजकूर घ्या आणि प्रत्येक पूर्णविरामावर थांबून, श्वास घेऊनच पुढचं वाक्य सुरू करा. सुरुवातीला हे फार संथ वाटेल. वाटू द्या.

आता त्याच मजकुरात प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द पहिल्या शब्दाइतक्याच जोराने म्हणा. इथे गल्लत होते, म्हणून नीट सांगते. वाक्य संपताना सूर खाली येतो, ते योग्यच आहे. त्याने विधान पूर्ण झाल्याचं कळतं. सूर खाली येऊ द्या, जोर कमी होऊ देऊ नका. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि कानाला त्यांतला फरक कळायला काही दिवस जातात. ‘तुम्ही येणार’ हे तीन प्रकारे म्हणून पाहा. आधी सूर खाली नेत आणि जोर टिकवत: हे विधान झालं. मग सूर वर नेत: हा प्रश्न झाला. मग सूर आणि जोर दोन्ही सोडून देत: आता बोलणाऱ्यालाच खात्री नाही असं वाटतं. तुमची किती विधानं दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात जातात ते रेकॉर्डिंगमध्ये मोजा. नव्या जागी, वरिष्ठांसमोर, अनोळखी लोकांत सूर नकळत वर जातो आणि ठाम माहितीसुद्धा परवानगी मागितल्यासारखी ऐकू येते.

स्वतःचा रेकॉर्ड केलेला आवाज ऐकून बहुतेकांना कसंसंच होतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. बोलताना आपल्याला आपला आवाज हवेतून ऐकू येतो, तसाच कवटीच्या हाडांतूनही येतो. हाडांतून येणारा भाग खालच्या सुरांना भरीव करतो. रेकॉर्डिंगमध्ये तो नसतो, म्हणून आवाज पातळ वाटतो. इतरांना तुम्ही कायम तसेच ऐकू येत आला आहात आणि त्यांना त्यात वावगं काही वाटलेलं नाही.

थांबणं

२००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगातल्या दहा वेगवेगळ्या भाषांमधल्या गप्पा तपासल्या होत्या. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंतचं अंतर सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास निघालं. इतक्या कमी अंतराची आपल्याला सवय आहे. त्यामुळे लोकांसमोर उभं राहून एक सेकंद थांबलं तरी बोलणाऱ्याला तो युगासारखा वाटतो. ऐकणाऱ्याला मात्र त्या वेळात आत्ताच ऐकलेलं मनात बसवायचं असतं. महत्त्वाचं वाक्य, आकडा किंवा निर्णय सांगून झाला की तोंड मिटा आणि मनात ‘एक, दोन’ म्हणा. मगच पुढे जा.

दोघांच्या बोलण्यात मात्र या थांबण्याचा वेगळा अर्थ लागतो. "उद्या जरा मदत कराल का?" या प्रश्नावर तुम्ही एक सेकंद गप्प राहिलात, तर समोरच्याला नकाराची चाहूल लागते. म्हणून तिथे वेळ हवा असेल तर तसं बोलून मागा: "थांब हं, उद्याचं काम बघून सांगते." मंचावरची शांतता आणि समोरासमोरची शांतता एकाच मापाने मोजू नका.

‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’, ‘काय आहे ना’, ‘असं’, ‘बरं का’ हे शब्द मुळापासून उपटायच्या मागे लागू नये असं माझं मत आहे. थोडे असले तर बोलणं सहज वाटतं. पण दर वाक्याच्या तोंडाशी ‘म्हणजे’ येत असेल तर मागचं वाक्य तुम्ही संपवलेलंच नाही. ते टाळायला मनाला धाक घालून उपयोग होत नाही. ओठ मिटायची सवय लावा. वाक्य संपलं, ओठ मिटले, नाकातून श्वास घेतला, मग पुढचं वाक्य. मिटलेल्या ओठांतून ‘म्हणजे’ बाहेर पडत नाही.

कुठल्या शब्दावर जोर

हे वाक्य घ्या: ‘पैसे मी त्याला दिले नाहीत.’ ‘पैसे’वर जोर दिला तर दुसरं काहीतरी दिलं. ‘मी’वर दिला तर दुसऱ्या कुणीतरी दिले. ‘त्याला’वर दिला तर दुसऱ्याच माणसाला दिले. शब्द तेच, अर्थ तीन. मी हे वाक्य प्रत्येकाकडून तिन्ही प्रकारे म्हणवून घेते. ज्यांना तिन्ही वेगळे काढता येत नाहीत, ते सहसा जोर द्यायचा म्हणून सगळंच मोठ्याने म्हणतात. जोर द्यायचे मार्ग अनेक आहेत: तो शब्द किंचित लांबवा, त्याच्या आधी कणभर थांबा, सूर थोडा वर न्या. मोठ्याने म्हणणं हा त्यांतला सगळ्यात कच्चा मार्ग.

मराठीत ‘च’ हाताशी असल्याने आपण आळशी होतो. ‘आपण हेच काम आत्ताच आणि इथेच पूर्ण करायचंच आहे’ अशा वाक्यात चार शब्दांना सारखंच वजन मिळतं आणि एकही उठून दिसत नाही. एका वाक्यात एकच ‘च’ ठेवा, आणि जिथे तो आहे तिथेच आवाजाचा जोर द्या.

आकड्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे प्रत्यक्ष नुकसान होतं. एकोणसाठ आणि एकोणसत्तर, पंच्याहत्तर आणि पंच्याऐंशी, सात आणि साठ हे गोंगाटात किंवा फोनवर सहज एकमेकांत मिसळतात. जुन्या पद्धतीच्या फोनवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज जातो, आणि ‘स’, ‘श’, ‘फ’ यांना ओळख देणारा बराचसा भाग त्याच्या वर असतो. म्हणून आकडा सांगून झाला की अंक सुटे करून पुन्हा सांगा: "एकोणसत्तर, सहा-नऊ." आणि समोरच्याकडून तो परत म्हणवून घ्या. औषधाची मात्रा, खात्याचा क्रमांक, गाडीची वेळ असं काही असेल तर यात अजिबात संकोच नको.

उभं राहणं

यावर जेवढं लिहिलं जातं तेवढं सांगण्यासारखं त्यात नाही. दोन्ही पावलांवर सारखं वजन, पावलांत साधारण कमरेच्या रुंदीएवढं अंतर, गुडघे ताठ न करता सैल, डोकं मणक्याच्या बरोबर वर. छाती फुगवायची गरज नाही. खांदे मागे ओढून उभं राहणाऱ्यांची कंबर पुढे येते आणि बरगड्या अडकून श्वास तोकडा पडतो. एका पायावर रेललेल्या माणसाचं वजन थोड्या थोड्या वेळाने दुसऱ्या पायावर जातं, आणि हे झुलणं बघणाऱ्याला बोलण्याआधी दिसतं. चालायचं असेल तर मुद्दा बदलताना चाला, पोचा, थांबा आणि मग बोला. मुद्दा मांडत असताना येरझाऱ्या घालू नका.

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगावरून ‘दोन मिनिटं हात कमरेवर ठेवून ऐटीत उभं राहिलं की शरीरातली संप्रेरकं बदलतात’ असं जगभर पसरलं. त्यात ४२ जण होते. २०१५ साली २०० जणांवर तोच प्रयोग केला तेव्हा संप्रेरकांवर परिणाम दिसला नाही, आणि मूळ शोधनिबंधाच्या पहिल्या लेखिकेनेही पुढच्या वर्षी त्या दाव्यावरचा विश्वास जाहीरपणे मागे घेतला. बोलायला जाण्याआधी प्रसाधनगृहात जाऊन ऐटीत उभं राहण्यापेक्षा तो वेळ श्वासाला द्या. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना कमी होतात. म्हणून चार अंक मोजत घ्या आणि सहा-सात मोजत सोडा, असं काही मिनिटं करा. भीती पूर्ण जाणार नाही, पण पहिल्या वाक्यापुरती हवा हाताशी राहील. पहिलं वाक्य तोंडपाठ असू द्या, फक्त पहिलं. हात थरथरत असतील तर सुटा कागद धरू नका, तो थरथर दहापट मोठी करून दाखवतो. जाड कार्ड घ्या किंवा टिपणं टेबलावर ठेवा.

हात

हातांकडे वळण्याआधी एका आकड्याचा निकाल लावायला हवा, कारण प्रशिक्षणाच्या वर्गांतून तो अजूनही शिकवला जातो: संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ सालच्या प्रयोगांतून आले. त्यांत लोकांना सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले होते, चेहऱ्यांची छायाचित्रं दाखवली होती, आणि बोलणाऱ्याला समोरचा माणूस आवडतो की नाही, एवढंच ओळखायचं होतं. शब्द आणि सूर यांत विसंगती असेल तर भावना ओळखताना लोक सुरावर आणि चेहऱ्यावर जास्त विसंबतात, असं त्यातून दिसतं. हिशेब मांडताना, उपचार समजावताना, रस्ता सांगताना शब्दांचं मोल सात टक्के कसं असेल? परभाषेतलं भाषण आवाज आणि हातवारे बघून ९३ टक्के कळलं असतं! शब्द आधी नीट करा. हात त्यांच्या मदतीला आहेत.

आणि ते मदत खरोखर करतात, सगळ्यात आधी बोलणाऱ्याला. जन्मापासून अंध असलेली मुलं, ज्यांनी कुणाचे हातवारे कधी पाहिलेले नाहीत, तीही बोलताना हात हलवतात, अगदी समोरचा माणूस अंध आहे हे माहीत असतानाही. हा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. फोनवर बोलतानाही आपले हात चालूच असतात. विचारांची जुळवाजुळव करायला ते उपयोगी पडतात. म्हणून ‘हात हलवू नका’ हा सल्ला मला घातक वाटतो. हात बांधून घेतले की बोलणंही अडखळायला लागतं.

अडचण असते ती अर्धवट हालचालींची. कोपर बरगडीला चिकटलेलं, मनगट तेवढं फडफडतंय, बोटं कमरेच्या खाली काहीतरी करतायत, अशी. वाक्याचा शेवट विरतो, तसाच हातही विरतो. हालचालीला तीन टप्पे असतात: हात उचलला जातो, नेमक्या जागी पोचतो, परत येतो. मधला टप्पा ज्या शब्दासाठी आहे, त्या शब्दाबरोबर किंवा कणभर आधी यायला हवा. सहज बोलताना तो आपोआप तसाच येतो. पाठ केलेल्या हातवाऱ्यांत मात्र शब्द आधी येतो आणि हात मागून, आणि बघणाऱ्याला ते नाटकी वाटतं, का ते सांगता आलं नाही तरी. म्हणूनच ‘या वाक्यावर असा हात’ असं बसवून घेऊ नका.

मग करायचं काय? हात बेंबीच्या पातळीवर, एकमेकांना सैलसर टेकलेले ठेवून सुरुवात करा. कोपर अंगापासून थोडं सुटं असू द्या. इथून हात कुठेही जाऊ शकतो. खिशात, पाठीमागे किंवा पुढे खाली जोडून ठेवलेल्या हातांना आधी सुटावं लागतं, म्हणून ते उशिरा पोचतात. उचलाल तर कोपरापासून उचला आणि जिथे न्यायचा तिथे क्षणभर राहू द्या. ‘खर्च एवढा होता’ म्हणताना दाखवलेली उंची वाक्य संपेपर्यंत तिथेच असली पाहिजे, मग ‘आता एवढा झाला’ म्हणत हात खाली आणता येतो. उंची, आकार, अंतर, क्रम, दोन बाजूंची तुलना अशा गोष्टी हाताने फार चांगल्या कळतात. ‘महत्त्वाचं’, ‘प्रामाणिकपणा’ यांसाठी हात शोधत बसू नका.

दोन पर्याय सांगताना एक डाव्या हाताला, एक उजव्या हाताला ठेवा आणि शेवटपर्यंत त्यांच्या जागा बदलू नका. पुढे नुसता तिकडे हात केला तरी लोकांना कळतं कोणता पर्याय. काळाचा क्रम दाखवायचा असेल तर आधीची घटना तुमच्या उजवीकडे दाखवा, नंतरची डावीकडे. समोर बसलेल्यांना ते डावीकडून उजवीकडे दिसतं, आपण वाचतो तसं. बोटं दाखवून ‘तीन कारणं’ म्हणालात तर तिन्ही मोजा. दुसऱ्यानंतर विसरलात तर लोक तिसऱ्याची वाट बघत बसतात. माणसाकडे निर्देश करायचा तर तळहात वर करून, पूर्ण हाताने करा. रोखलेलं बोट प्रेमळ वाक्यालाही दरडावणी बनवतं. आणि अंगठा, बोटांचा गोल यांसारख्या खुणांचा अर्थ सगळीकडे सारखा नसतो. बल्गेरियात तर ‘हो’ आणि ‘नाही’साठी मान हलवण्याची रीतही बहुतेक जगाच्या उलटी आहे. अनोळखी भाषकांसमोर अशा खुणा कमी आणि शब्द जास्त वापरा.

ऐकणारे बहुतेक वेळ तुमच्या चेहऱ्याकडे बघत असतात, हात डोळ्यांच्या कडेतून दिसतात. पण तुम्ही स्वतः हाताकडे पाहिलंत की त्यांचीही नजर तिकडे वळते. आलेखातला एखादा बिंदू दाखवायचा असेल तर हे मुद्दाम वापरा: आधी तुम्ही तिकडे बघा, हात न्या, मग पुन्हा लोकांकडे बघून बोला.

नजर

गर्दीवरून नजर फिरवत राहिलं की ती कुणाचीच होत नाही. एका माणसाकडे बघत एक वाक्य पूर्ण करा, मग दुसऱ्या बाजूला जा. मागच्या कोपऱ्यातला माणूस विसरू नका. त्याच्याकडे बघून बोललात तर आवाजही आपोआप तिथवर जातो. टिपण बघायचं असेल तर गप्प राहून बघा, मान वर करा आणि मग बोला. कागदाशी बोललेलं वाक्य कागदापाशीच राहतं.

समोरचा माणूस नजर देत नसेल तर त्यावरून निष्कर्ष काढू नका. नजर चुकवणारा खोटं बोलतो हा समज संशोधनात टिकलेला नाही. काही जणांना, स्वमग्न माणसांपैकी अनेकांना, डोळ्यांत बघत ऐकणंच अवघड जातं. ते दुसरीकडे बघतात तेव्हाच नीट ऐकत असतात. हाताची घडी घातलेल्याला कदाचित थंडी वाजत असेल. एका खुणेवरून माणूस वाचण्याची विद्या म्हणून जे काही विकलं जातं, त्यापासून लांब राहा.

समोरासमोर बोलताना

मंचावर उभं राहणं आयुष्यात क्वचित येतं, हे मात्र रोजचं आहे. मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या निरीक्षणांवरून अंतरांचे पट्टे मांडले: साधारण ४५ सेंटिमीटरच्या आत फक्त अगदी जवळची माणसं, तिथून सव्वा मीटरपर्यंत ओळखीची, त्यापलीकडे कामापुरती. आकडे समाजागणिक बदलतात, तेव्हा फूटपट्टी लावू नका. समोरचा मागे सरकला तर तुम्ही पुढे सरकू नका, एवढं पाळलंत तरी पुरे. अगदी समोर उभं राहण्यापेक्षा थोडं तिरपं उभं राहिलं, तर अवघड बोलणंही भांडणासारखं होत नाही.

बसलेल्या किंवा अंथरुणावर असलेल्या माणसाशी उभ्याने महत्त्वाचं बोलू नका. खुर्ची ओढा, बसा, डोळे एका पातळीवर आणा. मुलांशी बोलताना उकिडवं बसा. वेळ तेवढाच लागतो, पण तुम्ही घाईत नाही हे समोरच्याला शब्दांआधी कळतं. आणि मघाचा नियम इथे सगळ्यात जास्त लागू आहे. दाराच्या मुठीवर हात ठेवून, अर्धं अंग बाहेर असताना सांगितलेलं वाक्य अर्धंच सांगितलं जातं. आधी वाक्य संपवा, मग उठा.

ऐकू कमी येणाऱ्यांबद्दल माझी कळकळीची विनंती आहे. ओरडू नका. ओरडल्याने स्वर मोठे होतात, व्यंजनं होत नाहीत, आणि शब्द ओळखायला मुख्यतः व्यंजनंच लागतात. शिवाय ओरडताना तोंडाचा आकार बदलतो आणि ओठ वाचणं अवघड होतं. उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडेल असे उभे राहा, खिडकीकडे पाठ करू नका. तोंडासमोर हात, कागद, कप आणू नका. थोडं सावकाश, शब्द न तोडता बोला. एकदा सांगून कळलं नाही तर तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणण्यापेक्षा शब्द बदला. ‘जाऊ दे, काही नाही’ असं कधीही म्हणू नका. माझ्याकडे येणारी माणसं या वाक्याने सगळ्यात जास्त दुखावलेली असतात.

माइक आणि व्हिडिओ कॉल

माइक तोंडापासून एका वितीवर आणि किंचित बाजूला ठेवा, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’चे फटके बसत नाहीत. अंतर दुप्पट झालं की आवाज बराच पडतो, म्हणून मान वळवताना माइकही वळवा. व्हिडिओ कॉलवर कॅमेरा डोळ्यांच्या पातळीला आणा आणि इतकं मागे बसा की छातीपर्यंतचा भाग आणि हात दिसतील. मुख्य वाक्य बोलताना कॅमेऱ्याकडे बघा, एरवी चेहऱ्यांकडे. तिथे आवाज जरा उशिरा पोचतो, म्हणून प्रश्न विचारल्यावर नेहमीपेक्षा जास्त थांबा.

सराव कसा करायचा

आरशासमोर सराव करायला मी सांगत नाही. बोलताना स्वतःला बघणं हे वेगळंच काम आहे आणि त्यात दोन्ही बिघडतं. फोन समोर ठेवून तीन मिनिटं बोला आणि तेच चित्रण तीनदा बघा. पहिल्यांदा आवाज बंद करून: कुठे झुललात, कुठे हात अर्धा राहिला. दुसऱ्यांदा चित्र न बघता: शेवटचे शब्द, सुटलेले आकडे, मोजावेत इतके ‘म्हणजे’. तिसऱ्यांदा दुप्पट वेगाने: केस मागे सारणं, चष्मा सावरणं, मान तिरपी करणं अशा वारंवार होणाऱ्या हालचाली या वेगात लगेच दिसतात. मग एकच गोष्ट निवडा. सगळं एकदम सुधारायला गेलात तर बोलणं लाकडी होईल. माझा आग्रह विचाराल तर वाक्याच्या शेवटापासून सुरुवात करा आणि ती रोजच्या बोलण्यात आणा: फोनवर निरोप देताना, रिक्षाचालकाला पत्ता सांगताना, घरी काही मागताना. भाषण हे सरावाचं ठिकाण नव्हे.

आणि आवाज सांभाळा. बोलण्याआधी ओठ मिटून ‘म्म’ असं हलकेच गुणगुणा, ओठ फुरफुरवत सूर वर-खाली न्या. सारखं खाकरू नका, त्यात स्वरतंतू एकमेकांवर आपटतात. पाण्याचा घोट घ्या किंवा आवंढा गिळा. घसा बसला असताना जोर लावून कुजबुजणं आरामाचं नसतं, त्यापेक्षा हळू आवाजात थोडंच बोला. गोंगाटात आपला आवाज आपोआप चढतो. फ्रेंच डॉक्टर एत्येन लोंबार यांनी १९११ साली हे नोंदवलं, आणि तेव्हापासून या परिणामाला त्यांचंच नाव आहे. म्हणून पंखा, टीव्ही, मागची गर्दी यांवर मात करत तासभर बोलण्यापेक्षा आधी जागा बदला किंवा माइक मागा. आवाज तीन-चार आठवड्यांहून जास्त काळ घोगरा राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र तपासून घ्या. धूम्रपान करणाऱ्यांनी एवढीही वाट बघू नये.